उकंडाचा पेच

उकंडा, तुझ्यामुळे मी चार लोकांत बोलणी खाल्ली, तीही तू मेल्यावर. जिवंतपणी कमी खायला लावलीस म्हणून एवढी शिल्लक ठेवली होतीस बहुतेक.

स्मशानातून निघताना मागं वळून पाहू नये, हे पोरंसोरंही जाणतात. जाणाऱ्याचा जीव घुटमळतो म्हणतात. आणि आपल्या टोळीनं काय केलं? चितेला हात जोडले आणि सगळेच्या सगळे तुझ्याकडे तोंड ठेवून मागं मागं निघाले, पार नाल्यापर्यंत. एक जण धोंड्याला ठेचकाळला, तरी वळला नाही. तुझा चुलता ओरडला, "अरे काय करून राहिले तुमी? पाठ करा, पाठ करा! जीव गुतते त्याचा!" कोणी ऐकेना. मग तो माझ्यावर घसरला, "मुकादम ना तू? तुहं आयकत नाई का कोनी?"  आणि खरं सांगतो, माझीही पाठ वळली नाही.

अमरावतीत त्यावरून अजून कुजबुज चालली आहे. ज्यांनी रुई दाबायचा आपला पेच उघडताना कधी पाहिला नाही, त्यांना ते वेड वाटणारच. वाटू दे. मला त्याची फिकीर नाही. मला फिकीर वेगळ्याच गोष्टीची आहे. आपल्या कापसाच्या पेढीच्या शेठजींनी माझ्या डोक्यावर एक धोंडा ठेवला आहे, टोळी राहते की मोडते असा प्रश्न आहे, आणि अशा वेळी ज्याच्या तोंडाकडे पाहायचं तो तू नेमका निघून गेलास. म्हणून पंतोजीच्या छड्या खाऊन शिकलेली चार अक्षरं घेऊन बसलो आहे. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला काही सुचत नाही, ही सवय तूच लावलीस.

आपलं काम मुळात पायाचं. लांबलचक पोतं, त्याला आपण डोकरा म्हणतो, ते खड्ड्यावर टांगायचं, एकानं आत उतरायचं, वरून बाकीच्यांनी रुई टाकायची आणि आतल्यानं ती तुडवायची. पोतं भरत जाईल तसा माणूस वर वर येतो. उतरण्याआधी रुईला हात लावून तो कपाळाला लावायचा, कारण रुई म्हणजे लक्ष्मी आणि लक्ष्मीला पाय लागणार. टोळीतले सगळ्यात वडीलधारे महादूबुवा खड्ड्याच्या काठावर बसून गाणं धरायचे आणि त्या ठेक्यावर पाय पडायचे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस यायचा बंद झाला आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला विलायतेत अशी मागणी आली की बाजारात बैलगाड्यांना उभं राहायला जागा उरली नाही. आपण तुडवत होतो आणि रुई संपत नव्हती. डोकऱ्यातून बाहेर आलेला माणूस भुतासारखा पांढरा दिसायचा, आणि आपण हसायचो.

तू हसायचा नाहीस. तुझा बाप डोकऱ्यातच खोकायला लागला होता. त्याबद्दल तू एकदाच बोललास, तेही हात धुताना, माझ्याकडे न पाहता. "माह्या बापानं जेवढी रुई दाबली ना पुंजा, तेवढीच गिळली."

मग शेठजींनी मुंबईहून पेच आणवला. भलाथोरला सागवानी सांगाडा, मधोमध आट्यांचं लोखंडी मळसूत्र, त्याला चार दांडे. एकेका दांड्याला चार माणसांनी लागायचं आणि गोल फिरायचं, की वरची फळी खाली उतरते आणि रुई दबून दगडासारखी होते. आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत आली होती. तिथले लोक म्हणत, तुमचे फुगीर डोकरे आणू नका, दाबलेल्या गठाणी आणा. शेठजींनी मला पेढीवर बोलावून सांगितलं, तुझ्या टोळीला जमत असेल तर ठीक, नाहीतर खानदेशातली माणसं तयार आहेत.

मी आवारात टोळीला जमवून हे सांगितलं. चांगलं खणखणीत सांगितलं. कोणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "लोखंडाले पाय फुटले, आता आपले तुटतीन," असं महादूबुवा म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.  तू त्या दुपारी भाकरी घेऊन पेच जोडणाऱ्या मिस्त्रीजवळ जाऊन बसलास, एवढंच. "हे काहून? ते काहून?" असं त्याला विचारत बसायचास. मिस्त्री वैतागायचा. दुसऱ्या दिवशी तू कुठं बसतोस हे पाहायला दोघे आले, मग आणखी काही. महादूबुवांना तू एकदा सहज म्हणालास, पेचात लक्ष्मीला पाय लागत नाही. बस, एवढं बोलून उठलास. आठवड्याच्या आत महादूबुवा हीच गोष्ट टोळीला सांगत फिरत होते, जणू त्यांच्याच डोक्यातून निघाली. मी ते ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, मुकादम मी आहे की हा?

आता शेंदराचं. यावर आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही आणि मी आजही हटणार नाही. पेच चालू करण्याच्या दिवशी मी त्याला शेंदूर लावला, हार घातला, नारळ फोडला. तू माझा हात धरून कानात म्हणालास, "पुंजा, याले देव नको करू. याच्याकडून काम करून घ्यायचं हाय." मी ऐकलं नाही. का ऐकू? शेंदूर लावल्यावरच सगळे पुढं झाले आणि दांड्याला हात लागले, हे तूही डोळ्यांनी पाहिलंस.

आणि पुढं काय झालं, तेही पाहिलंस.

खाली उतरवताना सगळं झकास झालं. उजवीकडून गोल, देवाला प्रदक्षिणा घालतो तसं. महादूबुवांनी तुडवणीचं गाणं चालण्याच्या लयीत संथ करून धरलं. फळी उतरली, रुई करकरली, मिस्त्रीनं दोर आवळून गठाण बांधली. शेठजी टाळी वाजवणार तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "अब उलटा घुमाओ." फळी वर घ्यायची तर मळसूत्र उलटं फिरायला हवं, यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पण दांड्यावरचे हात एकदम गळून पडले. शेंदूर लावलेल्या देवाला उलट्या फेऱ्या? उलट्या फेऱ्या चितेभोवती मारतात.

मिस्त्री ओरडू लागला. बाहेर अकोल्याला निघायच्या गाड्या जुंपून उभ्या, बैल माना झटकत होते. निंबाखाली खानदेशातली माणसं बसलेली होती, शेठजींनी त्यांना आधीच आणून ठेवलं होतं. ती भाकरी खाता खाता आपल्याकडे पाहत होती, घाई नसल्यासारखी. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दांड्यावर मूठ आपटली आणि म्हणालो, "मी सांगतो, उलटं फिरवा!"

महादूबुवा शांतपणे म्हणाले, "हुकूम तुहा, पाय माहे."

ते वाक्य आठवलं की अजूनही माझे कान तापतात. पेच मिटलेला, आत गठाण अडकलेली, आणि त्या गठाणीबरोबर आपली पोटंही. निंबाखालच्या एकानं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि उभा राहिला. शेठजींनी त्याला बोट करून बोलावलंही असतं. आणि तेव्हा तू बोललास. माझ्याशी नाही, शेठजींशी नाही, मिस्त्रीशी तर नाहीच.

"महादूबुवा," तू विचारलंस, "देवळातून निघतानी तुमी कसे निघता?"

"कसे म्हंजे?"

"देवाले पाठ करून?"

"पाठ काहून करीन बे? मागं मागं येतो."

"मंग तसंच निघू ना. तोंड जिकडं हाय तिकडंच राहू द्या. फेरा उलटा नाई मारायचा. फक्त मागं पाय टाकायचा."

  उलट्या फेऱ्या त्या उलट्याच, हे न कळायला आम्ही काही कुक्कुली बाळं नव्हतो. पण देवळातून निघताना मागं मागं येणं आमच्या पायांना लहानपणापासून ठाऊक होतं. महादूबुवा गेले आणि दांड्याला लागले. तू त्यांच्या शेजारी लागलास. मग बाकीचे.

ती पहिली फेरी मी जन्मात विसरणार नाही. दाबलेली रुई वर उसळते आणि मळसूत्राला धक्का देते; दांडा हातातून सुटला तर बरगड्या मोडतो, हे मिस्त्रीनं आधीच बजावलं होतं. आणि सोळा माणसं न पाहता मागं चाललेली. एकाचा पाय अडकला असता तर त्याच्या अंगावरून दांडा गेला असता. तू सारखा सांगत होतास, "मागं पाहू नका. बुवाचा आवाज आयका. बुवा, गानं सोडू नका." महादूबुवांचा आवाज कापत होता, पण त्यांनी गाणं सोडलं नाही. मळसूत्र कुरकुरलं, एकदा धक्का बसला, कोणीतरी "आई गं" म्हणालं, तुझा खांदा दांड्याखाली गेलेला मला दिसला. मग फळी उचलली गेली. गठाण मोकळी झाली. मिस्त्री म्हणाला, "सब गधे हैं," आणि खाली बसून हसायला लागला. निंबाखालचा माणूस पुन्हा बसला.

शेठजींनी त्या मोसमाच्या शेवटी पागोटं बांधलं ते माझ्या डोक्याला. तू म्हणालास, "शोभते." त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी कितीदा घोळवलं. पागोटं मी परत करणार नाही, हे तुला सांगून ठेवतो. थंडीत सोळा माणसांना दाराची कडी वाजवून उठवण्याचं काम तू केलं नाहीस, मी केलं.

पण पुढं जे झालं ते पाहून मात्र मी चक्रावलो. महिनाभरानं एक जण उघडताना वळला आणि सरळ तोंड करून दांडा ढकलू लागला. मागं चालून त्याची पाठ भरून आली होती. त्याला देवानं काही केलं नाही. मग दुसरा वळला. तू कोणाला वळ म्हणाला नाहीस आणि कोणी मागं चाललं तर हसलाही नाहीस. शेवटी मागं चालणारे एकटे महादूबुवा उरले, आणि त्यांच्या दांड्यावर त्यांच्याबरोबर मागं चालणारा तू. खोकत खोकत. बुवांना एकटं वाटू नये म्हणून. हे मी तेव्हा तुला बोललो नाही. आज बोलतो, मला तुझा फार अभिमान वाटायचा, आणि तेवढाच रागही यायचा.

अकोल्याच्या वाटेवर, मूर्तिजापूर मागं टाकल्यावर, गठाणींच्या गाडीत बसून मी तुला छेडलंच. "उकंडा, तू टोळीले फसवलं. उलटं ते उलटं. तू फक्त तोंड फिरवून दिलं."

तू बैलांकडे पाहत म्हणालास, "फसवलं नाई रे. थांबलो."

"कोनासाठी?"

"ज्याले ज्याले वेळ लागला त्याच्यासाठी."

"अन् तुह्या मनात काय होतं? देव होता का लोखंड?"

तेवढ्यात तुला खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं, गाडीवानानं काहीतरी विचारलं, आणि बोलणं तिथंच राहिलं. अकोल्याच्या टेसनावर आपल्या गठाणी डब्यात चढताना पाहून तू पोरासारखा खूश झालास, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. नंतर कितीदा विचारणार होतो. माणूस रोज समोर असला की मोठे प्रश्न उद्यावर टाकता येतात.

लढाई संपली तसा कापसाचा भाव बसला. आगगाडी बडनेऱ्याला आली. तू पेचावरून खाटेवर गेलास. शेवटच्या भेटीत गिरजावहिनीनं तुला उशीला टेकून बसवलं होतं, आणि आपण काय बोललो? शेंदराबद्दल! "लावला नसता तं एवढा घोळ झाला नसता," तू म्हणालास. "लावला नसता तं कोनी हातच लावला नसता," मी म्हणालो. वहिनी म्हणाली, "दोघं बी एकदाचे गप बसा." तू हसलास आणि हसता हसता गुदमरलास. आईनं तुला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवलं होतं म्हणून हे नाव, की यमाला वाटावं टाकलेलं पोर आहे, कशाला न्यायचं. यमाला तू बरीच वर्षं चकवलंस. मला वाटलं, अजून थोडी चकवशील.

आता तो धोंडा. तुझा दहावा झाला त्याच दिवशी शेठजींनी मला पेढीवर बोलावलं. वाफेवर चालणारा पेच येतोय. त्याला दांडे नाहीत, गोल फिरणं नाही. त्याला चार माणसं पुरतील. "बाकीचं तू बघ," ते म्हणाले. तुझ्या जागी लागलेला धरून सोळातली चार. आणि ती निवडायची मी, आणि बाराजणांना सांगायचंही मीच. माझं पागोटं त्यासाठीच आहे.

मी हुकूम मनात घोळवत घराबाहेर पडलो. असं बोलायचं, तसं बोलायचं, कोणी तोंड वर केलं तर काय म्हणायचं. महादूबुवांनी मान्य केलं की टोळी मान्य करील, या हिशेबानं आधी त्यांच्याकडेच गेलो. बुवा अंगणात दोर वळत बसले होते. मला पाहून त्यांनी दोराचं दुसरं टोक माझ्याकडे केलं, जसं कोणाही येणाऱ्याकडे करतात. मी ते धरून बसलो. धरून बसल्यावर हुकूम काही तोंडातून निघेना. दोराला पीळ पडत गेला आणि माझ्या तोंडून निघालं, "बुवा, वाफेचा पेच येते म्हंतात. चारच मानसं लागतीन. मले काई सुचून नाई राहिलं. तुमीच सांगा, काय करावं?"

बुवांनी दोर खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरलो.

"मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "बडनेऱ्याच्या गाडीवानानं उकंडाले सांगतलं होतं. त्यानं मले घरी बलावून घेतलं."

"कवा?"

"खाटेवरून उठता येत नोतं तवा. मले म्हने, बुवा, पुंजा येईन तुमच्याकडे. हुकूम घेऊन आला तं नाई म्हनजो, अन् टोळीले बी नाई म्हनाले लावजो. इचाराले आला तं त्याच्यासंगं बसजो." बुवांनी डोळे पुसले. "म्या म्हटलं, उकंडा, पुंजा इचारनारा मानूस नोहे. तं म्हने, येईन तो. त्याले वेळ लागते."

उकंडा, मी तिथं रडलो. रागानं रडलो की कशानं, मला सांगता येत नाही. तुला मी इतकी वर्षं टोळीसाठी थांबताना पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, किती हा धीर. तू माझ्यासाठीही थांबला होतास, याचा मला पत्ताच नव्हता. दांड्यावर नव्हतो मी, म्हणून मला वाटायचं मी मोजदादीच्या बाहेर आहे.

मग आम्ही दोघं बसलो. बुवांचं म्हणणं, चार माणसं कायमची नकोत. सोळाही जणांनी पाळीपाळीनं पेचावर जावं, आणि ज्याची पाळी नसेल त्यानं बडनेऱ्याला गठाणी पोचवाव्यात, चढवाव्यात. हमाली बाहेरच्याला न देता टोळीलाच मिळावी. बाकीच्यांना बोलावलं. कोणी ओरडलं, कोणी मला शिव्या दिल्या, एक जण उठून गेला आणि थोड्या वेळानं परत येऊन बसला. मी कोणाला गप्प केलं नाही. माझ्यासाठी हे किती अवघड होतं, ते तुला ठाऊक आहे. अंधार पडायच्या आत सगळ्यांचं एकमत झालं.

फक्त शेठजींचं व्हायचं आहे. उद्या सकाळी पेढीवर जायचंय. ते ऐकतील की नाही, काही सांगता येत नाही. कदाचित निंबाखाली पुन्हा माणसं आणून बसवतील. टोळीला मी दटावू शकत होतो, शेठजींना काय दटावणार? पागोटं बांधून जावं की साधी टोपी घालून, यावर मी संध्याकाळपासून मनाशी घासाघीस करतो आहे. पण डोक्यावर काहीही घालून गेलो तरी काय? पेढीच्या उंबऱ्याच्या आत माझा हुकूम चालत नाही. तिथं मुकादम कोणी नाही, उकंडा. तिथं मला तुझ्यासारखंच विचारायचं आणि थांबायचं आहे; तिथं मी तूच आहे.